पंख्याचं विमान आणि पुढचं तिकीट

आमच्या जळगावात नवीन विमानसेवा सुरू झाली की काय काय होतं हे आता पाठ झालंय. पाण्याचे फवारे, शिडीवर खासदार-आमदारांचा फोटो, पहिल्या प्रवाशाला गुलाबाचं फूल, केक, आणि मग आठवडाभर प्रत्येक फॅमिली ग्रुपवर तोच तो व्हिडिओ. बंद होते तेव्हा मात्र काहीच होत नाही. आधी मंगळवारची फ्लाइट जाते, मग 'ऑपरेशनल कारणांमुळे' असा मेसेज यायला लागतो, मग वेबसाइटवर तारीखच निवडता येत नाही, आणि पाच-सहा महिन्यांनी कुणाच्या तरी लग्नात पंगतीत कुणीतरी विचारतं, अरे ते आपलं विमान चालू आहे का रे अजून?

विमानतळ आहे कुसुंब्याला, गावाला लागूनच. प्रतिभाताई राष्ट्रपती असताना २०१२ साली त्याचं उद्घाटन झालं आणि पुढची पाचेक वर्षं तिथे प्रवासी विमानच नव्हतं. मग डिसेंबर २०१७ मध्ये छोट्या गावांना विमानाने जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेत एअर डेक्कन आली. हो तीच, कॅप्टन गोपीनाथांची, २००३ साली ज्यांनी हुबळीसारख्या गावांना विमान दाखवलं, एक रुपयात तिकीट विकलं, पुढे किंगफिशरच्या मल्ल्यांना कंपनी दिली आणि त्यांनी ती किंगफिशर रेड करून टाकली. हा त्यांचा दुसरा डाव होता. विमान होतं बीचक्राफ्ट १९०० डी, पंख्याचं, जेमतेम १९ सीटचं, मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना एकेकच सीट, म्हणजे प्रत्येकाला खिडकी आणि प्रत्येकाला पॅसेज. मुंबईहून नाशिक, जळगाव. मोठ्या हौसेने सुरू झालं, आणि मग कधी आहे कधी नाही असं करत करत २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कायमचं थांबलं. मधल्या काळात २०१९ ला ट्रूजेट आली, हैदराबादची, तेलुगू हीरो राम चरणचे पैसे असलेली. तीही २०२२ च्या सुरुवातीला बंद.

गावात याची कारणं तयारच असतात. मॅनेजमेंट भिकार, नेत्यांना पडलेली नाही, लोकांना विमानाची सवय नाही वगैरे. यात थोडं थोडं तथ्य असेलही, पण मला हे पटत नाही, कारण हीच गोष्ट मी आधी एका अशा ठिकाणी घडताना बघितलीय जिथे मॅनेजमेंट चांगलं होतं, पैसा होता, लोकांना विमानाची सवय बसच्या सवयीइतकी होती आणि तरी दीड वर्षात सगळं आटोपलं. ती सांगतो, पण आधी थोडा हिशेब.

विमान लहान म्हणजे खर्च कमी असं आपल्याला वाटतं. एकूण खर्च कमी असतोच, पण सीटमागचा खर्च वाढतो, आणि विकायची असते ती सीट. १९ सीटच्या विमानात दोन पायलट, १८६ सीटच्या एअरबसमध्येही दोनच. फ्लाइटची आखणी करून ती सोडणारा, म्हणजे डिस्पॅचचा, माणूस तेवढाच, इंजिनिअरची सही तेवढीच, नियामकाकडची कागदपत्रं जवळजवळ तेवढीच. लो कॉस्टचं जे काही गुपित आहे ते इतकंच की एकाच जातीची मोठी विमानं घ्यायची, त्यात मावतील तेवढ्या सीट कोंबायच्या, उतरल्यावर अर्ध्या तासात परत उडवायचं आणि दिवसातले बारा-तेरा तास ते हवेत ठेवायचं. छोट्या गावाचं विमान यातलं काहीच करू शकत नाही. पाऊण तास उडायचं, मग उतरायचं, थांबायचं, परत पाऊण तास. दिवस निम्मा जमिनीवरच जातो. कित्येक छोट्या विमानतळांची वेळ ठरलेली, सकाळी मुंबईत उशीर झाला तर संध्याकाळची शेवटची फेरी बसतच नाही, गेली ती गेली. म्हणजे 'रिजनल' आणि 'लो कॉस्ट' हे दोन शब्द एकत्र लिहायला सोपे आहेत, पण हिशेबाच्या वहीत ते एकमेकांची मान धरतात.

आणि समोर स्पर्धक कोण? दुसरी एअरलाइन नाहीच, रेल्वे. रात्री जळगावला गाडीत बसायचं, झोपायचं, पहाटे कल्याण किंवा दादरला उतरायचं. थ्री एसीच्या भाड्यात प्रवासही झाला आणि रात्रीची झोपही. दुपारी दोनला विमानतळावर जाऊन चारला मुंबईत उतरणाऱ्या माणसाचा कामाचा दिवस तर गेलाच. दुपारीच का, तर मुंबईत सकाळचा स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, मिळत नाही. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, एकेका मिनिटाची मारामारी, तिथे दीडदोनशे माणसांच्या विमानाची जागा १९ सीटवाल्याला कोण देणार.

आता ती दुसरी गोष्ट. २००४-०५ मध्ये मी ऑनसाइट होतो, म्हणजे ऑफिसच्या कामाने अमेरिकेत, व्हर्जिनियात, हर्नडनला. वॉशिंग्टनचा डलेस विमानतळ तिथून अगदी हाकेच्या अंतरावर. तिथे अटलांटिक कोस्ट एअरलाइन्स नावाची एक रिजनल कंपनी होती, पण त्यांचं नाव कुणाला माहीतच नसायचं, कारण त्यांच्या विमानांवर 'युनायटेड एक्सप्रेस' लिहिलेलं असायचं. अमेरिकेत ही पद्धत आहे. आपल्याकडे माणूस सुमो घेतो आणि ती 'कंपनीला लावतो' ना, तसं. डिझेल कंपनीचं, पॅसेंजर कंपनीचे, याने फक्त चालवायची आणि महिन्याचे ठरलेले पैसे घ्यायचे. विमान भरलं काय, रिकामं गेलं काय, इंधन महागलं काय, याला फरक पडत नाही. छोट्या छोट्या गावांतून माणसं आणून डलेसला युनायटेडच्या मोठ्या विमानांना जोडून द्यायची एवढंच काम, आणि त्यात ही कंपनी व्यवस्थित नफा कमवत होती.

डिसेंबर २००२ मध्ये युनायटेड दिवाळखोरीत गेली आणि म्हणाली, रेट कमी करा. यांनी विचार केला की दुसऱ्याच्या नावाने मरमर करण्यापेक्षा आपणच आपल्या नावाने का उडू नये. विमानं आपली, पायलट आपले, डलेसवरची माणसं आपली. २००३ मध्ये जाहीर केलं, नाव ठेवलं इंडिपेंडन्स एअर, आणि १६ जून २००४ ला सुरू.

खरं सांगतो, ती एअरलाइन मला फार आवडायची. सीआरजे २०० नावाचं ५० सीटचं जेट, दोन-दोनच्या रांगा, मधली सीट हा प्रकारच नाही. छत इतकं खाली की आमच्यातला उंच मित्र पॅसेजमधून मान तिरकी करूनच जायचा, आणि चाकाची बॅग वर मावायची नाही म्हणून ती विमानाच्या दारातच काढून घ्यायचे. सुरक्षेच्या सूचना जेम्स कारव्हिल आणि मेरी मॅटलिन या जोडप्याच्या आवाजात, नवरा डेमोक्रॅट पक्षाचा, बायको रिपब्लिकन, दोघंही राजकारणात नावाजलेली, आणि ते वर्ष निवडणुकीचं, त्यामुळे एरवी कुणी ऐकत नाही ती अनाउन्समेंट लोक हसत हसत ऐकायचे. तिकीट त्यांच्याच वेबसाइटवर, भाडं एका बाजूचं पन्नास-साठ डॉलरसुद्धा असायचं. न्यू जर्सीत एडिसनला आमच्या निम्म्या गँगचं बिऱ्हाड, एरवी चार-पाच तास गाडी हाकत जायचो आम्ही, तर शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर न्यूअर्कला उडून जेवायला एडिसनला, हे तेव्हा जमायला लागलं. गणपतीलाही बरीच मंडळी तशीच आली.

पण आम्ही हे जे स्वस्तात उडत होतो ते कुणाच्या तरी खिशातून चाललं होतं, आणि तो खिसा कंपनीचाच होता. युनायटेडकडून सुटताना ८७ सीआरजे यांच्याकडेच राहिली होती, त्यांचे लीजचे, म्हणजे भाडेपट्ट्याचे, हप्ते दर महिन्याला चालूच. जमिनीवर ठेवली तरी पैसे जाणार, म्हणून सगळी उडवायची. हळूहळू एकेक गाव पक्कं करत जायला वेळच नव्हता, पहिल्या काही महिन्यांतच दिवसाला ३०० च्या आसपास फ्लाइट. इतक्या सीट अचानक बाजारात आल्यावर भरणार कुठून? पहिल्या उन्हाळ्यात कित्येक विमानं अर्धी रिकामी जायची, मी स्वतः दोन सीटवर आडवा होऊन गेलेलो आहे, प्रवाशाला मजा वाटते पण कंपनीची त्यात काय अवस्था होत असेल. युनायटेडही गप्प बसली नाही. दुसऱ्या रिजनल कंपन्यांची विमानं आणून त्याच मार्गांवर लावली आणि भाडं यांच्याइतकं खाली आणलं. दिवाळखोर कंपनीच भाव पाडतेय आणि देणी थोपवणारं कोर्टाचं संरक्षणही तिलाच, हे मला तेव्हाही विचित्र वाटायचं.

त्यात तेल. २००४ मध्ये चाळीस डॉलरच्या पुढे गेलेलं बॅरल २००५ मध्ये कतरिना वादळानंतर सत्तरला टेकलं. पूर्वी ही चिंता युनायटेडची होती, आता यांची. ५० सीटचं जेट तसंही सीटमागे जास्त तेल खाणारं. मागून त्यांनी १३२ सीटची एअरबस ए-३१९ आणली, म्हणजे हिशेब त्यांनाही कळला होता, पण तोवर पैसे संपत आले होते. ७ नोव्हेंबर २००५ ला दिवाळखोरी, ५ जानेवारी २००६ च्या संध्याकाळी शेवटची विमानं उतरली. डलेसचे प्रवासी २००३ च्या साधारण १ कोटी ७० लाखांवरून २००५ मध्ये २ कोटी ७० लाखांवर गेले होते, २००६ ला पुन्हा २ कोटी ३० लाखांच्या आसपास आले. भाडीही लगेच वर. एडिसनचं जेवण परत गाडीवर.

तेल, लीज, भाडंयुद्ध ही कारणं तेव्हा सगळ्या पेपरांत आली. मला मात्र त्यातलं एक फारसं कुणी न बोललेलं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या छोट्या गावांतून डलेसला येणारी माणसं डलेसला येतच नव्हती. ती लंडनला, सॅन फ्रान्सिस्कोला, डेन्व्हरला चालली होती, डलेस हा फक्त मधला टप्पा. युनायटेड एक्सप्रेस असताना एकाच तिकिटावर, बॅग परस्पर पुढे, पुढच्या तिकिटाला कामी येणारे पॉइंट, म्हणजे माइल्सही जमा. कंपनी स्वतंत्र झाल्यावर ही सगळी माणसं युनायटेडकडेच राहिली, आणि यांच्या वाट्याला उरले ते फक्त वॉशिंग्टनला काम असणारे, किंवा आमच्यासारखे जेवायला जाणारे. विमानं यांची होती पण प्रवासी कधीच यांचे नव्हते.

हे जळगावला लावून बघा. मुंबईच्या विमानात बसणाऱ्यांपैकी मुंबईतच काम किती जणांचं? कुणाचा मुलगा बंगळुरूला, कुणी केळीच्या एक्स्पोर्टच्या कामाने दुबईला, कुणी सोन्याच्या व्यापारातला दिल्ली-कोलकात्याला. आमच्याच घरातलं उदाहरण, माझी बहीण छोट्या विमानाने मुंबईला येऊन पुढे दुसऱ्या कंपनीच्या विमानाने बंगळुरूला जाणार होती. दोन वेगळी तिकिटं. पहिलं विमान दोन तास लेट. धावत टर्मिनल बदलून पोचली तेव्हा दुसऱ्यांचा काउंटर बंद, तुम्ही नो-शो, नवीन तिकीट काढा. पहिल्यांना फोन केला तर ते म्हणाले आम्ही तुम्हाला मुंबईला पोचवलं ना. दोघांचंही नियमाप्रमाणे बरोबर. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण कुणाच्याही जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं. तिने ते नवीन तिकीट ऐन वेळच्या दराने काढलं, आणि तेव्हापासून ती आधी संभाजीनगरला टॅक्सीने जाते, तीन-साडेतीन तासांच्या रस्त्याने, आणि तिथून मोठ्या कंपनीचं विमान धरते. छोट्या कंपनीने गिऱ्हाईक गमावलं ते शंभर-दोनशे रुपयांच्या फरकाने नाही, पुढचं तिकीट तिच्या हातात नव्हतं म्हणून.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. उडानमध्ये तासाभराच्या प्रवासाला साधारण अडीच हजारांची मर्यादा, निम्म्या सीटवर ती लागू, आणि तुटीचे पैसे तीन वर्षं सरकार भरणार. त्या विमानतळांवर इंधनावरचा राज्याचा कर १ टक्का, या फ्लाइटना लँडिंगचे पैसे माफ, आणि तीन वर्षं त्या मार्गावर दुसरा कुणी येणार नाही. ऐकायला उत्तम. पण सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा अहवाल वाचला तर डोकं गरगरतं. ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी, आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत तग धरून होते फक्त ५४. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं बघा, ऑक्टोबर २०२१ मध्ये केवढा गाजावाजा, एका व्यासपीठावर उद्धव ठाकरे आणि नारायण राणे बसले होते आठवत असेलच, अलायन्स एअरचं मुंबई-सिंधुदुर्ग विमान सुरू झालं, आणि ऑक्टोबर २०२४ ला तीन वर्षांचा करार संपला तसं ते बंद झालं. चाकरमान्यांचं विमान म्हणून ज्याची जाहिरात झाली, त्याला चाकरमान्यांनी भरून काढलंच नाही असं नाही, गणपतीत, मे महिन्यात तिकीट मिळायचं नाही. पण विमानाचा हप्ता जुलैतही भरायचा असतो.

आणि समजा एखाद्याने तग धरला, मार्ग नावारूपाला आणला, लोकांना सवय लावली, तर मग इंडिगो येते. डिसेंबर २०१७ पासून त्यांचीही एटीआर आहेत, तीच पंख्याची विमानं, फक्त ७८ सीटची आणि मागे तीनशेहून जास्त एअरबसचं जाळं. कोल्हापूरचा माणूस हैदराबादला उतरून एकाच पीएनआरवर कुठेही जाऊ शकतो. मला इंडिगोचा राग नाही, प्रवासी म्हणून मीही तेच घेईन. लीज देणारे इंडिगोला वेगळा भाव देतात, छोट्याला वेगळा. छोट्याने आधी डिपॉझिट ठेवायचं, इंजिनच्या मेन्टेनन्सचे पैसे दर महिन्याला डॉलरमध्ये बाजूला काढायचे, तेल रोख घ्यायचं, आणि कमाई मात्र रुपयात. पायलटचं तर विचारूच नका. एटीआरवर ट्रेनिंग देऊन, तास भरून कॅप्टन तयार करायचा आणि मोठ्यांनी उचलायचा. नोटीस पीरियड वर्षाचा केला सरकारने २०१७ मध्ये, तरी जाणारे जातातच, आणि का जाऊ नयेत. तीन विमानांच्या कंपनीत चार कॅप्टन गेले की वेळापत्रकच कोसळतं. एक विमान बिघडलं, पार्ट फ्रान्सहून यायचाय, बदली विमान नाही, चार गावांच्या फ्लाइट कॅन्सल, आणि त्या चारही गावांत बातमी, 'पुन्हा विमान रद्द, प्रवाशांचा संताप'.

सध्या आमच्याकडे फ्लाय ९१ आहे, गोव्याची, तिथल्या मोपा विमानतळावरून चालणारी, मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली. एटीआर ७२. यांचं मला एक आवडलं. मुंबई-दिल्लीच्या नादाला न लागता गोवा-जळगाव, गोवा-सोलापूर, गोवा-अगत्ती (लक्षद्वीप) असे मार्ग यांनी धरले, म्हणजे जिथला प्रवासी दुसऱ्या कुणाचा नाहीच. जळगाव ते गोवा जाणाऱ्याला पुढचं तिकीट लागत नाही, तो गोव्यालाच चाललाय. जळगावहून पुण्यालाही यांनी विमान लावलं, आणि पुण्याला निम्मा जळगाव राहतो, मी धरून. कोल्हापूरच्या घोडावतांची स्टार एअर दुसऱ्या टोकाने खेळतेय, २०१९ मध्ये ५० सीटच्या जेटने सुरुवात करून आता ७६ सीटचं, त्यात १२ बिझनेस क्लास, म्हणजे स्वस्त म्हणवून घेण्यापेक्षा वेळ वाचवू इच्छिणाऱ्या उद्योजकाकडून पैसे घ्यायचे. मला वाटतं दोघांनीही डलेसवाल्यांपेक्षा शहाणपणाने सुरुवात केलीय. विमानं थोडी, मार्ग थोडे, मोठ्यांच्या अंगणात जाऊन आरडाओरडा नाही. टिकतील का? इंधन आणि डॉलर यांच्या हातात नाही, इंडिगोला उद्या जळगाव-पुणे आवडलं तर तेही नाही.

आमचे दाजी, जळगावात त्यांचं ठिबकच्या पाइपचं दुकान आहे, महिन्यातून एकदा तरी पुण्याला येतात. विमान असलं की विमानाचं तिकीट काढतात आणि त्याच तारखेचं रेल्वेचंही काढून ठेवतात. विमान सुटल्याचा मेसेज आला की रेल्वेचं कॅन्सल. कॅन्सलेशनचे पैसे ते हिशेबात विमानाच्या भाड्यातच धरतात, वहीत तसा वेगळा कॉलमच आहे. मी म्हटलं दाजी, आता बरं चाललंय की, कशाला दोन दोन तिकिटं काढता? ते म्हणाले, अरे वर्षभर असं चालू दे, मग बघू, तोवर त्यांचंही काम चालू आणि माझंही.